टर्बो इंजिन बांधताना इंजेक्टर आधी घेऊ नका: पार्ट निवडण्याचा नेमका क्रम

टर्बो बसवायचं ठरलं की बहुतेक जण पहिली खरेदी इंजेक्टरची करतात. मित्राच्या गाडीत मिनिटाला ५५० सीसी पेट्रोल फवारणारे आहेत, मग आपणही तेच घ्यायचे. टर्बो मिळेल तो, पिस्टन बजेट उरलं तर, पंप जुनाच. गाडी सुरू होते, पण आयडलला गचके खाते, प्लग काळे पडतात, आणि बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) वाढवला की एके दिवशी सायलेन्सरमधून निळा धूर येतो. अशी इंजिनं उघडून पाहिली तर पार्ट वाईट नसतात. ते चुकीच्या क्रमाने घेतलेले असतात.

इंजेक्टरचं माप किती पेट्रोल लागणार यावर ठरतं. पेट्रोल हवेवर, हवा टर्बोवर आणि आरपीएमवर, आणि टर्बो तुम्हाला किती ताकद हवी यावर. हिशेब ताकदीकडून सुरू करायचा.

पुढचा सगळा हिशेब मी एकाच इंजिनावर करून दाखवतो: मारुतीच्या जुन्या बलेनो सेदानमधलं १.६ लिटरचं जी१६बी. बोअर ७५ मिमी, स्ट्रोक ९० मिमी, १५९० सीसी, मूळ ताकद साधारण ९४ बीएचपी. तुमचं इंजिन वेगळं असेल तर आकडे बदला, पायऱ्या त्याच राहतील. हे सगळं इनटेक मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या एमपीएफआय इंजिनांसाठी आहे. टीएसआयसारख्या थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनाला हे गणित लावू नका.

सावधान: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. ही बांधणी ट्रॅकच्या गाडीसाठी आहे असंच धरून वाचा.

## १. आकडा ठरवा आणि इंजिनाची तब्येत बघा

वहीत दोन आकडे लिहा: किती बीएचपी आणि किती आरपीएमला. आपण १७० बीएचपी, ६,५०० आरपीएमला धरू. "जमेल तेवढी" हे लक्ष्य नव्हे. त्यावरून एकही पार्ट निवडता येत नाही.

मग गरम इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट घ्या. चारही प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज असलेली. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. जास्त असेल तर लीकडाऊन टेस्ट करून, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून, हवा कुठून जाते ते ऐका. ऑइल भरायच्या तोंडातून आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

क्लच आणि गिअरबॉक्सचा खर्च याच पानावर मांडा. हा खर्च शेवटी आठवला की लोक पिस्टनवर काटकसर करतात.

## २. हवेचा हिशेब, आणि त्यावरून टर्बो

१० पीएसआय बूस्ट धरू. गाडी पुण्यात आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर, त्यामुळे इथला हवेचा दाब मुंबईच्या १४.७ पीएसआयऐवजी सुमारे १३.७५ असतो. एअर फिल्टरमध्ये ०.३ आणि टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरमध्ये १ पीएसआय जातो असं समजा.

पुणे: (१३.७५ + १० + १) ÷ (१३.७५ − ०.३) = १.८४
मुंबई: (१४.७ + १० + १) ÷ (१४.७ − ०.३) = १.७८

हा झाला प्रेशर रेशो, म्हणजे टर्बोतून निघणारा दाब भागिले टर्बोत शिरणारा दाब. गेजवर तोच १० पीएसआय दिसतो, पण पुण्यात टर्बोला जास्त राबावं लागतं. बूस्टचा आकडा सांगताना गाव सांगायला हवं ते यासाठी.

आता हवेचं वजन. १.६ लिटर × ६,५०० ÷ २ × ०.८८ भरणक्षमता = मिनिटाला साधारण ४,५७६ लिटर. मॅनिफोल्डमध्ये एकूण दाब २३.७५ पीएसआय आणि इंटरकूलरनंतर ५५ अंश तापमान धरलं तर या हवेची घनता घनमीटरला १.७४ किलो येते. म्हणजे मिनिटाला जवळपास ८ किलो, किंवा १७.५ पौंड हवा. पेट्रोल टर्बो इंजिनात मिनिटाला १ पौंड हवा साधारण १० बीएचपी देते, म्हणजे १७५. आपलं १७०चं लक्ष्य १० पीएसआयमध्ये बसतं.

टर्बो कंपनीच्या कॉम्प्रेसर मॅपवर (प्रेशर रेशो आणि हवेचा आलेख) १.८४ आणि १७.५ पौंड हा बिंदू मांडा. तो मधल्या वर्तुळांत पडायला हवा. डावीकडच्या सर्ज रेषेला (जिथून टर्बोतली हवा उलटी धक्के द्यायला लागते) चिकटला तर टर्बो मोठा, उजवीकडच्या कडेला गेला तर लहान. ३,५०० आरपीएमचा बिंदूही काढून पाहा, कारण बरेच मोठे टर्बो तिथे सर्ज रेषेपलीकडे जातात. के०३ किंवा टीडी०४ या घराण्यातले टर्बो या कामाला पुरतात.

सावधान: डिझेल गाडीचा टर्बो स्वस्त मिळतो म्हणून पेट्रोलवर लावू नका. पेट्रोलचा एक्झॉस्ट ९००-९५० अंशांपर्यंत तापतो, डिझेलचा त्यापेक्षा बराच कमी. डिझेलच्या टर्बोतल्या हलत्या पात्या या उष्णतेत अडकतात, बूस्ट आवरेनासा होतो आणि हाउसिंगला तडे जातात.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा अन्य जुन्या बाजारात टर्बो घेत असाल तर शाफ्ट बोटांनी धरून पुढे-मागे ओढा. तिकडे हलणं जाणवताच कामा नये. बाजूला किंचित हलला तरी चालतो, पण पातं हाउसिंगला घासल्याची चकाकी कुठेही दिसायला नको.

## ३. पिस्टन, रिंगा, रॉड

साध्या पंपावरच्या पेट्रोलवर १० पीएसआयसाठी मी कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते तो आकडा) ९च्या आसपास ठेवतो. तो कमी करायचा लोकप्रिय मार्ग म्हणजे दोन हेड गॅस्केट एकावर एक लावणं. हे कधीही करू नका. पिस्टनचा माथा आणि हेडची सपाट कड यांच्यात साधारण १ मिमीची फट असते. पिस्टन वर येऊन कॉम्प्रेशन संपत असताना तिथली हवा दाबून मध्ये फेकली जाते, आणि त्यामुळेच नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून बसणारे धक्के) आटोक्यात राहतं. गॅस्केट जाड केलं की ही फट वाढते, आणि कमी कॉम्प्रेशन असूनही इंजिन आधीपेक्षा लवकर नॉक करतं. योग्य उपाय एकच: माथ्यावर वाटी असलेले पिस्टन.

वाटी किती खोल? एका सिलिंडरचा आवाका ३९७.६ सीसी. रेशो ९.५ असेल तर वरची जागा ३९७.६ ÷ ८.५ = ४६.८ सीसी. ९ हवा असेल तर ३९७.६ ÷ ८ = ४९.७ सीसी. फरक तीन सीसीहूनही कमी, म्हणजे चहाच्या चमच्याच्या जेमतेम अर्ध्याहून थोडा जास्त. म्हणूनच "हेड थोडं घासून घेऊ" हे वाक्य लेथवाल्याच्या तोंडून आलं की त्याला थांबवायचं. आधी मोजायचं.

मोजायची रीत सोपी आहे. हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवलेले. चेंबरच्या कडेला ग्रीसचा पातळ थर, त्यावर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची जाड पट्टी. ब्युरेटमधून रंग घातलेलं स्पिरिट थेंब थेंब सोडा. शेवटचा हवेचा बुडबुडा भोकाशी येऊन फुटतो तो क्षण पकडायचा आणि ब्युरेटचा आकडा लिहायचा. चारही चेंबर मोजा. त्यात गॅस्केटची जागा, पिस्टनची वाटी आणि पिस्टन वरच्या टोकाला असताना ब्लॉकच्या पातळीखाली राहिलेली जागा मिळवली की खरा रेशो कळतो.

जुन्या इंजिनांसाठी तयार फोर्ज्ड पिस्टन नेहमी मिळत नाहीत, माप देऊन करून घ्यावे लागतात. म्हणून ब्लॉक आधी बोअर करून ठेवू नका. पिस्टन हातात येऊ द्या, मायक्रोमीटरने मोजा, मग त्या मापाला बोअर आणि होन करा. २६१८ मिश्रधातूचे पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतात, त्यांना ४०३२च्या पिस्टनपेक्षा जास्त फट लागते. पिस्टनसोबत आलेल्या कागदावरचा आकडा अंतिम माना.

रिंगांची टोकं मूळ गाडीच्या पुस्तकातल्या फटीवर ठेवू नका. टर्बोमध्ये वरची रिंग जास्त तापते, वाढते, टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड उडते. ७५ मिमी बोअरला वरच्या रिंगची फट ०.३७ मिमीच्या आसपास आणि दुसरीची त्याहून थोडी जास्त ही सुरुवातीची मापं धरा, मग रिंग बनवणाऱ्याच्या तक्त्याशी ताडा. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने मोजायची.

फोर्ज्ड रॉड आणि चांगले रॉड बोल्ट घ्याच. बोल्ट घट्ट करताना त्यांच्यासोबतचंच वंगण वापरा. साधं इंजिन ऑइल लावून तोच टॉर्क दिला तर बोल्टवर पडणारा ताण वेगळा येतो.

तपासणी: पिस्टन, रॉड, रिंगा आणि बेअरिंग यांची मोजलेली मापं सिलिंडरवार एका कागदावर आली का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## ४. आता इंजेक्टर

किती मोठा? टर्बो पेट्रोल इंजिनाला एका बीएचपीसाठी मिनिटाला साधारण ६.३ सीसी पेट्रोल धरतात. १७० × ६.३ = १,०७१. चारने भागलं की २६८. इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून ०.८ने भागायचं: ३३५ सीसी.

आपल्या पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असतं. इथेनॉलला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं, त्यामुळे आकारमानात सुमारे ८ टक्के वाढ धरा: ३६२ सीसी.

आता हवेकडून उलट तपासू. मिनिटाला ८ किलो हवा, ई२०चं पूर्ण ज्वलनाचं प्रमाण साधारण १३.५, पूर्ण बूस्टला लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-पेट्रोल प्रमाण भागिले पूर्ण ज्वलनाचं प्रमाण) ०.८, म्हणजे १०.८. पेट्रोल ०.७४ किलो, जवळपास ९८५ सीसी. चार इंजेक्टर, ८० टक्के: सुमारे ३१० सीसी. दोन वाटांनी ३१० ते ३६२ आलं, म्हणजे हिशेब जागेवर आहे. ४४० सीसीचा इंजेक्टर इथे पुरून उरतो. ५५०ची गरज नाही, हजारची तर मुळीच नाही.

कोणत्या दाबाला? इथेच सर्वांत जास्त फसगत होते. ४४० हा आकडा ३ बारचा की ४ बारचा? प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने बदलतो. ४ बारला ४४० देणारा इंजेक्टर ३ बारला ३८१ देतो. विकणाऱ्याला दाब सांगता येत नसेल तर तो इंजेक्टर घेऊ नका.

वेळ पुरतो का? ६,५०० आरपीएमला इंजिनाच्या दोन फेऱ्या १८.५ मिलिसेकंदांत होतात. त्याचे ८० टक्के म्हणजे १४.८. ट्यूनिंगच्या वेळी लॉगमध्ये इंजेक्टरची वेळ यावर गेली तर बूस्ट तिथेच थांबवायचा.

ओहम किती? मल्टिमीटर लावा. १२ ते १६ ओहम आला तर उच्च रोधाचा, बहुतेक ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) थेट चालवतात. २ ते ४ ओहम आला तर त्याला वेगळा ड्रायव्हर किंवा रेझिस्टर लागतो. न पाहता जोडला तर ईसीयूचा ड्रायव्हर जळतो.

बसतो का? दोन ओ रिंगमधली लांबी, वरच्या ओ रिंगचा व्यास (११ की १४ मिमी), कनेक्टरचा प्रकार, आणि फवारा. या हेडला प्रत्येक सिलिंडरमागे दोन इनटेक व्हॉल्व्ह आहेत, म्हणून दोन फवाऱ्यांचा इंजेक्टर हवा, आणि दोन्ही फवारे व्हॉल्व्हच्या पाठीवर पडायला हवेत. इंजेक्टर फिरलेला बसला तर एक फवारा पोर्टच्या भिंतीवर पडतो आणि थंड इंजिन अडखळतं.

डेड टाइमचा तक्ता आहे का? वीज मिळाल्यापासून सुई उघडेपर्यंतचा हा वेळ व्होल्टेज उतरलं की वाढतो. तक्ता नसेल तर हेडलाइट आणि पंखा चालू झाला की आयडल बिघडतं आणि ट्यूनर दिवसभर अंदाजाने आकडे बदलत बसतो. मी तक्त्याशिवाय इंजेक्टर घेत नाही. त्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी ते डायनोवरच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच्या) वेळेत वाचतात.

चारही सारखे आहेत का? माझ्या एका बांधणीत डब्यावर ४४० लिहिलेले चार नवे इंजेक्टर मी तसेच बसवले. वाइडबँडवर (एक्झॉस्टमधून लॅम्डा मोजणाऱ्या सेन्सरवर) पूर्ण बूस्टला ०.८२ दिसत होतं, सगळं छान वाटत होतं. काही दिवसांनी तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची रिंगेजवळची कड तुटली. मग ते चारही टेस्ट बेंचवर लावले. ३ बार, एक मिनिट, समोर काचेच्या चार नळ्या. तीन नळ्यांतलं द्रव ४३२च्या रेषेवर थांबलं आणि तिसरी नळी ३८२वर. डोळ्यांनी दिसेल एवढा बोटभर फरक. एक्झॉस्टच्या सामाईक पाइपातला सेन्सर चारही सिलिंडरची सरासरी दाखवतो. सरासरी ०.८२ असताना तिसऱ्यात ०.९ चाललं होतं. तेव्हापासून नवे असोत वा जुने, बेंचवर गेल्याशिवाय एकही इंजेक्टर मी इंजिनात घालत नाही.

तपासणी: चार इंजेक्टरमधला फरक २-३ टक्क्यांच्या आत, दाब देऊन बंद ठेवल्यावर एकही थेंब न गळणं, फवारा चारहींचा सारखा. बेंचवाल्याकडून छापील आकडे घ्या.

## ५. पंप, रेग्युलेटर, नळ्या

पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरची बारीक नळी थ्रॉटलनंतर मॅनिफोल्डला जोडलेली असली पाहिजे. म्हणजे बूस्ट जेवढा वाढेल तेवढाच इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलचा दाब वाढतो. ही नळी नसेल तर १ बार बूस्टला ३ बारमधले २च उरतात आणि इंजेक्टरचा प्रवाह १८ टक्क्यांनी घटतो, नेमका जास्त लागतो तेव्हाच.

आपली गरज तासाला साधारण ७० लिटर. पाव भाग राखीव धरून ८७ लिटर, आणि तेही ३.७ बार दाबाला. रिकाम्या नळीतून बादलीत सोडून पंप मोजू नका, उघड्या तोंडाला प्रत्येक पंप भरपूर देतो. रेग्युलेटरमधून ३.७ बार ठेवून परतीच्या नळीचं पेट्रोल मोजा: ३० सेकंदांत ७२५ सीसी आलं पाहिजे. पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेजही पाहा. जुन्या वायरिंगमध्ये व्होल्ट-दीड व्होल्ट सहज हरवतो, तेव्हा रिले आणि जाड वायर नवी टाका.

सावधान: ही मोजणी उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवून, गार इंजिनावर करा.

उगाच मोठा पंपही त्रास देतो. २५५ लिटरचा पंप आणि जुनी अरुंद परतीची नळी असेल तर पेट्रोल परत जायला वाट पुरत नाही, आयडलला दाब हवा त्यापेक्षा जास्त दिसतो आणि कारण सापडत नाही. जुन्या गाडीचे रबरी होज ई२०मध्ये फुगतात आणि तडकतात. एसएई जे३० आर९ छापलेले किंवा पीटीएफईचे घ्या.

## ६. ईसीयू, सेन्सर, प्लग

मूळ ईसीयूला बूस्ट समजत नाही. प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा किमान २.५ बारचा मॅप सेन्सर, एलएसयू ४.९ सेन्सरचा वाइडबँड आणि नॉक ऐकायची सोय एवढं लागतंच. वाइडबँड लॅम्डामध्ये वाचा. गेजचा एएफआर (हवा-पेट्रोल प्रमाण) शुद्ध पेट्रोल धरून मोजलेला असतो, ई२०वर तो फसवतो.

प्लग एक पायरी थंड घ्या, फट ०.६ ते ०.७ मिमी. एनजीकेमध्ये मोठा आकडा थंड प्लगचा, बॉशमध्ये नेमकं उलट. काउंटरवर नुसतं "एक नंबर वरचा द्या" म्हटलं तर गरम प्लग हातात पडू शकतो.

## ७. जोडणीनंतर, या क्रमाने

१. टर्बोची ऑइल परतीची नळी जाड, उताराची आणि सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइलच्या पातळीच्या वर उतरलेली आहे ना पाहा. नळी मध्ये खाली झोळ खात असेल तर ऑइल टर्बोच्या सीलमधून बाहेर येतं आणि लोक चांगला टर्बो बदलत बसतात.

२. प्लग काढून, इंजेक्टरचे कनेक्टर सोडून, ऑइल प्रेशर येईपर्यंत स्टार्टर मारा. टर्बोची ऑइल नळी टर्बोकडून सोडून बाटलीत धरा. ऑइल धारेने आलं पाहिजे.

३. इंजेक्टर पुन्हा जोडण्याआधी फक्त पंप चालू करून पाच मिनिटं रेलच्या प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर फिरवा. ओला झाला तर तिथेच थांबा.

४. ईसीयूमध्ये प्रवाह, दाब आणि डेड टाइम भरा. सुरू झाल्यावर लगेच टायमिंग लाइटने पुलीवरची खूण आणि ईसीयूचा आकडा जुळवा. हा टप्पा गाळला तर पुढचं सगळं ट्यूनिंग खोट्या आकड्यांवर उभं राहतं.

५. रिंगा बसायला सुरुवातीला मिनरल ऑइल आणि मध्यम लोड. तासभर आयडलवर ठेवून रिंगा बसत नाहीत, उलट सिलिंडर गुळगुळीत होतो. ३०-४० किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून त्याची घडी उलगडा आणि उन्हात धरा. बारीक करडी चमक चालते, तांबूस किंवा हाताला टोचणारे कण दिसले तर बेअरिंग बघावंच लागेल.

६. डायनोवर वेस्टगेटच्या (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवरच सुरुवात करा, साधारण ७ पीएसआय. लॅम्डा, नॉक आणि इंजेक्टरची वेळ तिन्ही ठीक असतील तर एकेक पीएसआयने १०पर्यंत जा. ट्यूनिंग ज्या पेट्रोलवर केलं तेच कायम भरा. एक्सपी१०० या १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर टायमिंग पुढे घेतलं आणि मग साधं पेट्रोल भरलं, तर पहिल्याच पूर्ण बूस्टला नॉक होईल.

७. पूर्ण बूस्टवरच्या शेवटच्या धावेनंतर इंजिन आयडलला येऊ न देता बंद करा, गाडी ढकलत बाजूला घ्या, चारही प्लग काढा आणि सिलिंडरच्या क्रमाने फडक्यावर मांडा. चारहींचा रंग सारखा असायला हवा. एखादा बाकीच्यांपेक्षा पांढरा दिसला, किंवा पोर्सलेनवर चमकणारे बारीक ठिपके दिसले, तर बूस्ट कमी करा आणि त्या सिलिंडरचा इंजेक्टर पुन्हा बेंचवर न्या.